काळी गोळी आणि तिच्या शेजारच्या गोळ्या

बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, लग्नसराईत केमिस्टच्या काउंटरवर एक चकचकीत काळी गोळी चिठ्ठीशिवाय खपत असते. युनिएन्झाइम हे तिचे सर्वांत परिचित नाव. 1944 साली सुरू झालेल्या आणि जोगेश्वरी पश्चिमेला ठाण मांडलेल्या युनिकेम लॅबोरेटरीजने ती घरोघरी पोचवली. 2017 मध्ये युनिकेमचे भारतातले ब्रँड टॉरेंटने सुमारे 3,600 कोटी रुपयांना घेण्याचे ठरले, त्यात हाही होता. या गोळीत बुरशीपासून काढलेले डायस्टेज, पपईतले पपेन आणि 75 मिलिग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल असतो. पहिले दोन अन्न पचवायला हातभार लावतात. तिसरा काहीच पचवत नाही, तो फक्त धरून ठेवतो. समोर आलेला रेणू विषाचा आहे की औषधाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

नारळाच्या करवंट्यांसारखा कच्चा माल जाळून, मग प्रचंड तापमानाला त्यावर वाफ सोडून हा कोळसा तयार होतो. त्याच्या अंगावर इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात की एका ग्रॅमचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. उपनगरातल्या कुठल्याही दोन बेडरूमच्या फ्लॅटने लाजावे अशी ही जागा! या पृष्ठभागावर कित्येक रसायने चिकटतात आणि रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडतात. म्हणूनच विषबाधेत, शक्यतो पहिल्या तासाभरात, मोठ्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम चारकोल पाण्यात कालवून देतात. लोह, लिथियम, दारू आणि तीव्र आम्ले मात्र तो जवळजवळ धरत नाही.

कुठे 50 ग्रॅम आणि कुठे 75 मिलिग्रॅम, एवढ्याशा चारकोलने काय बिघडणार, असा आक्षेप इथे हमखास येतो. पण तुलना चुकीच्या जागी होते आहे. गोळीतला चारकोल रुग्णालयातल्या मात्रेशी नव्हे, शेजारच्या औषधाच्या मात्रेशी ताडून पाहायला हवा. विषबाधेच्या उपचारात ढोबळ नियम आहे, विषाच्या दसपट चारकोल. त्या हिशेबाने 75 मिलिग्रॅम चारकोल कागदावर साडेसात मिलिग्रॅम औषध धरू शकतो. थायरॉईडची गोळी असते 50 किंवा 100 मायक्रोग्रॅमची, हृदयासाठीचे डिगॉक्सिन पाव मिलिग्रॅमचे. गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन तर बहुधा 30 मायक्रोग्रॅम. ब-12 सारख्या पूरक जीवनसत्त्वांची मापेही मायक्रोग्रॅमचीच.

अर्थात कागद वेगळा आणि पोट वेगळे. जेवणानंतर घेतलेल्या चारकोलची बरीच जागा अन्नच अडवते, आणि थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेण्याची रीत असल्याने तिथे आपोआप अंतर पडते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीनंतरच्या एका गोळीने कुणी घाबरून जाऊ नये. माझी चिंता ‘शरीरशुद्धी’च्या नावाने रिकाम्या पोटी रोज घेतल्या जाणाऱ्या शेकडो मिलिग्रॅमच्या चारकोल कॅप्सूलची आहे. यकृत आणि मूत्रपिंडे जे काम करतात त्यात तिची भर नाही. रक्तातली ‘घाण’ काढण्याचा दावा तर विसरावाच. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने 2018 मध्ये खाद्यपदार्थांतला चारकोल बंद करायला लावला. वातावर त्याचा थोडा उपयोग मान्य करायला हवा: युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2011 मध्ये तो दावा ग्राह्य धरला, पण जेवणाआधी अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच एक ग्रॅम, अशा मात्रेला.

मग दोन तासांचे अंतर ठेवले की झाले, असे कुणी म्हणेल. बहुतेक औषधांसाठी हा सल्ला ठीक आहे, सगळ्यांसाठी नाही. आपल्याकडे बीपीसाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन घ्या. ती आतड्यातून सावकाश शोषली जाते. फिनलंडमधल्या 1997 च्या एका अभ्यासात अम्लोडिपिनपाठोपाठ लगेच 25 ग्रॅम चारकोल दिला, तेव्हा तिचे शोषण जवळपास थांबले; दोन तासांनी दिला, तरी ते निम्म्याच्या आसपास घटले. मात्रा मोठी होती, हे खरे, पण अंतराचा नियम किती तकलादू आहे ते त्यातून दिसते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे काही औषधे रक्तात पोचल्यावरही आतड्यात परततात. फिटांसाठीची कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन, दम्याचे थिओफायलिन, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन ही त्यांतली. तिथे पुन्हापुन्हा घेतलेला चारकोल त्यांना रक्तातूनही ओढून काढतो. डॉक्टर हाच गुण मुद्दाम वापरतात: संधिवातावरचे लेफ्लुनोमाइड शरीरातून लवकर घालवायचे असेल, तर चारकोल देतात. अशी औषधे घेणाऱ्यांनी नियमित चारकोल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, घड्याळ पाहून भागणार नाही.

लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. चारकोल लोह फारसे धरत नाही, पण दोन्हींमुळे शौच काळे होते, आणि जठरातल्या रक्तस्रावाची खूणही तीच. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात काळी गोळी सहसा येत नाही, कारण तिला कुणी औषध समजतच नाही.