पाण्यातील फ्लोराइड पोटात गेल्यावर काय होते?

विंधन विहिरीचे पाणी दिसावयास नितळ व चवीस गोड असले, म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. खडकांतील खनिजांतून ते पाण्यात उतरते. भारतात या विकाराची शास्त्रीय नोंद प्रथम १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली.

पाण्यात विरघळलेले फ्लोराइड जठरात पोचताच तेथील आम्लाशी संयोग पावते व हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. त्याचे सूक्ष्म रेणू जठराच्या अस्तरातून सहज पार होतात. उरलेले फ्लोराइड मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. रिकाम्या पोटी प्यालेल्या पाण्यातील जवळजवळ सर्व फ्लोराइड रक्तात जाते व साधारण अर्ध्या ते एक तासात तेथील प्रमाण शिगेस पोचते.

पोटात दूध, ताक यांसारखे कॅल्शियमयुक्त अन्न असल्यास मात्र काही फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाते. हे संयुग सहसा विरघळत नाही. ते शौचावाटे बाहेर पडते. म्हणूनच ज्या घरी पोटभर सकस अन्न नाही, तेथील मुलांस तेच पाणी अधिक बाधते.

रक्तात गेलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढांत सुमारे निम्मे लघवीवाटे निघून जाते. बाकीचे हाडांत साठते. वाढत्या मुलांत साठण्याचे प्रमाण याहून अधिक असते. दातांवर एकदा पडलेले डाग आपोआप जात नाहीत व आखडलेले सांधे पूर्ववत होणे कठीण असते.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. प्रत्येक विंधन विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल, तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंतची मुभा आहे.

२. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

३. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी निर्दोष विहिरीचे किंवा स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

४. मुलांच्या आहारात दूध, ताक, नाचणी व तीळ असावेत.

आहाराने अपाय कमी होतो, टळत नाही. खरा उपाय पाणी बदलणे हाच होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांचे दात पाहण्यापासून या कामास आरंभ करावा.