डोकं दुखतं, तपासणी मानेची

मेंदू स्वतः कधीच दुखत नाही. वेदना टिपणारी चेताग्रं त्याच्या ऊतींमध्ये नसतात, म्हणून तर काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करता येतात. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू. त्यातही मानेचा वाटा थक्क करणारा आहे.

चेहरा, कपाळ आणि मेंदूची आवरणं यांची संवेदना ट्रायजेमिनल चेतेतून येते. तिचे तंतू मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत उतरतात आणि मानेतल्या पहिल्या तीन चेतांचे तंतूही तिथेच येऊन मिळतात. दोन्हींचे संदेश एकाच चेतापेशीवर पोहोचले, की वेदना नेमकी कुठली हे मेंदूला ओळखता येत नाही. बिघाड मानेच्या वरच्या सांध्यात असतो आणि ठणका लागतो डोळ्यामागे.

ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट ग्वेन्डोलेन जल यांनी अशा मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीवर मोठं काम केलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 200 रुग्ण होते. हातांनी सांधे मोकळे करणं आणि ठरावीक व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि सहा आठवड्यांच्या उपचारांचा गुण वर्षभरानंतरही टिकून होता. तो व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी हळूच खाली आणून दहा सेकंद थांबायचं. डोकं उचलायचं नाही, मानेच्या बाजूचे जाड स्नायू फुगू द्यायचे नाहीत. काम करायला हवं ते मणक्यांना लगटून असलेल्या खोल स्नायूंनी. फिजिओथेरपिस्ट मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिच्यातला दाब पाऱ्याच्या 20 वरून 30 मिलिमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगतात आणि या स्नायूंची ताकद मोजतात.

डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी वाटणारी तणावाची डोकेदुखीही मान-खांद्यांचे स्नायू सैल करून आणि बळकट करून पुष्कळदा हटते. अर्धशिशीचं मात्र वेगळं. तो मेंदूचाच विकार आहे. झटक्याआधी मान आखडते ती बहुतेकदा त्या विकाराचंच लक्षण असते, म्हणून नुसती मान चोळून अर्धशिशी बरी करण्याचं आश्वासन कुणी देऊ नये. तरी व्यायामाची किंमत तिथेही मोठी आहे. स्वीडनमध्ये 91 अर्धशिशीग्रस्तांवर झालेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांचा व्यायाम, शिथिलीकरण आणि टोपिरामेट हे औषध, तिन्हींनी झटके जवळपास सारखेच कमी केले. दुष्परिणाम फक्त औषधाच्या गटात दिसले.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण 1950च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. आजही आपल्याकडे ती मोडलेल्या हातापायांसाठी किंवा अर्धांगवायूनंतरच आठवते. डोकेदुखीवर घरोघरी बाम आणि गोळीच. महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते, हे फार कमी जणांना कुणी सांगितलेलं असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. क्षणात उसळलेली भयंकर डोकेदुखी, सोबत ताप आणि ताठ मान, हातापायातली शक्ती जाणं किंवा बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा.