नाताळबाबाच्या दोन चोपड्या

लुईस जॅक्सन या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९८० सालचा एक भयपट आज 'ख्रिसमस ईव्हल' या नावाने ओळखला जात असला, तरी त्यांनी त्याला दिलेले नाव 'यू बेटर वॉच आउट', म्हणजे 'सांभाळून राहा', असे होते, आणि मधल्या काळात तो 'टेरर इन टॉयलँड' या तिसऱ्या नावानेही दाखवला गेला. एकाच चित्रपटाला तीन नावे लागावीत, यावरून हा माल कोणत्या गिऱ्हाइकाला विकायचा हे विकणाऱ्यांनाच उमगले नव्हते, असे म्हणायला हरकत नाही. अशा चित्रपटांसाठी इंग्रजीत 'कल्ट' हा शब्द रूढ आहे. मूळचा हा शब्द धर्मपंथासाठी वापरला जाई. चित्रपटाच्या संदर्भात त्याचा अर्थ असा, की प्रथम प्रदर्शनात फारसे कोणी न विचारलेल्या कलाकृतीभोवती पुढे एक लहान पण कडवा चाहतावर्ग जमतो, ती पुन्हा पुन्हा पाहतो, तिच्यातील बारकाव्यांवर तावातावाने बोलतो आणि नवख्यांना दीक्षा द्यावी तसा तिचा परिचय करून देतो. 'ख्रिसमस ईव्हल'चे चाहते दर डिसेंबरात तो पाहतात ते वारकऱ्याने वारी चुकवू नये तितक्या नेमाने.

नाताळ आणि भय यांची सांगड जॅक्सन यांनी प्रथम घातली, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये नाताळच्या लांबलचक रात्री शेकोटीशी बसून भुतांच्या गोष्टी सांगण्याची प्रथा जुनी आहे आणि चार्ल्स डिकन्सची १८४३ सालची 'अ ख्रिसमस कॅरल' ही सर्वपरिचित कथा मुळात भुताचीच कथा आहे. चित्रपटांपुरते बोलायचे, तर १९७२ सालच्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश चित्रपटातील एका कथेत नाताळबाबाच्या, म्हणजे सांताक्लॉजच्या, वेशातील वेडसर खुनी घराभोवती घिरट्या घालतो आणि १९७४ साली बॉब क्लार्क यांनी कॅनडात केलेल्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात खून पडतात. त्यानंतर १९७८ सालच्या 'हॅलोविन'च्या यशामुळे 'स्लॅशर' या प्रकाराची लाट आली. स्लॅशर म्हणजे ज्यात एक खुनी, बहुधा मुखवट्याआडचा, धारदार हत्याराने एकामागून एक माणसे मारत सुटतो आणि प्रेक्षक पुढचा बळी कोण याची वाट पाहत बसतो, असा चित्रपट. जॅक्सन यांचा चित्रपट या लाटेत बाजारात आला आणि रक्ताच्या अपेक्षेने तिकीट काढलेल्या प्रेक्षकाची त्याने साफ निराशा केली असणार, कारण चित्रपट निम्म्यावर येईपर्यंत त्यात एकही खून होत नाही.

तोवर पडद्यावर काय घडते, तर हॅरी स्टॅडलिंग नावाच्या एकट्या, मध्यमवयीन माणसाचा दिनक्रम. कथेचा आरंभ १९४७ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री होतो. दोन लहान भाऊ आईसोबत जिन्यात बसून धुराड्यातून उतरणाऱ्या नाताळबाबाला डोळे विस्फारून पाहतात. ते सोंग बापानेच घेतले होते हे धाकट्याला कळलेले असते, मोठ्या हॅरीला मात्र ते मुळीच मान्य नसते. मग हॅरी गुपचूप पुन्हा खाली येतो आणि नाताळबाबा आईशी लगट करताना पाहतो. पोटमाळ्यावर जाऊन तो एक काचगोल, म्हणजे हलवले की आत बर्फ भुरभुरताना दिसते ते शोभेचे खेळणे, फोडतो आणि त्याच्या काचेने स्वतःचा हात कापून घेतो. मोठेपणी हाच हॅरी खेळण्यांच्या कारखान्यात कामाला लागलेला दिसतो. नुकतीच बढती मिळाल्याने तो यंत्रांपासून उठून कचेरीत आला आहे, तरी खेळणी नीट बनत नाहीत याची खंत त्याच्याखेरीज कोणालाच नाही, आणि सहकारी त्याच्या भोळेपणाचा फायदा घेऊन आपली पाळी त्याच्या गळ्यात मारतात.

चाहत्यांच्या बोलण्यात हटकून येते ती हॅरीची चोपड्यांची जोडी. गच्चीवरून दुर्बीण लावून तो आसपासच्या मुलांवर नजर ठेवतो आणि घरी येऊन जाड वह्यांमध्ये त्यांच्या नोंदी करतो. एक चोपडी गुणी मुलांची, दुसरी वाईट मुलांची. नाताळबाबा वर्षभराचा हिशेब ठेवतो, हे अमेरिकेत प्रत्येक मुलाला लाडाने सांगितले जाते, आणि त्यातली भयंकर बाजू कोणाच्या लक्षातही येत नाही. खरोखरचा माणूस शाईचे पेन घेऊन बसला आणि मॉस गार्सिया या पोराच्या नावापुढे त्याच्या अस्वच्छतेपासून त्याने पाहिलेल्या अश्लील मासिकापर्यंत सगळे टिपून ठेवू लागला, की हीच गोड समजूत अंगावर काटा आणते. हॅरी मॉसला वाऱ्यावर सोडत नाही. सर्व मुलांना खेळणी वाटताना त्याच्यासाठी तो पिशवीभर माती ठेवून येतो.

चित्रपटाचे मर्म ज्या प्रसंगात आहे तो वरवर पाहता अगदी साधा आहे. हॅरी आरशासमोर उभा राहून पांढरी दाढी गोंदाने चेहऱ्याला चिकटवतो आणि मग ती ओढून पाहतो. दाढी निघत नाही. ती ओढताना त्याच्या चेहऱ्यावर वेदनेआधी समाधान उमटते, कारण आता सोंग उरलेले नाही. बापाने रात्रीपुरता चढवलेला वेश मुलाने कातडीसारखा पांघरला, हे एवढ्या थोडक्यात सांगणारे दृश्य त्या काळच्या भयपटांत क्वचितच सापडेल, आणि ब्रँडन मॅगर्ट या नटाने ते एकही शब्द न उच्चारता पेलले आहे.

पुढे हॅरी आपल्या मोटारीवर घसरगाडीचे चित्र रंगवतो, कारखान्यातली खेळणी उचलतो आणि मालकांनी केवळ देखाव्यापुरती भाषा केलेली देणगी स्वतः रुग्णालयातील मुलांच्या दारात नेऊन पोचवतो. तेथील कर्मचारी आधी साशंक असतात, मग हरखून जातात. थोड्याच वेळात चर्चच्या पायऱ्यांवर काही उच्चभ्रू मंडळी त्याची टर उडवतात आणि हॅरी खेळण्यातला सैनिक एकाच्या डोळ्यात खुपसतो, मग कुऱ्हाड काढतो. तिथून निसटल्यावर रस्त्यात भेटलेले लोक त्याला नाताळच्या मेजवानीला ओढून नेतात, तो मनसोक्त नाचतो आणि मुलांना नीट वागण्याची तंबी देतो. धुराड्यातून उतरण्याच्या प्रयत्नात तो अडकतो, तेव्हा पाहणाऱ्याला हसावे की धास्तावावे हे कळत नाही. दया, किळस आणि हसू यांची ही सरमिसळ पहिल्या प्रेक्षकांना दोष वाटली असावी. चाहत्यांना तीच हवी असते. हॅरीची जातकुळी 'हॅलोविन'मधल्या निर्विकार खुन्याशी जुळत नाही, ती १९७६ सालच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या नायकाशी जुळते, जो शहरातली घाण पाहून स्वतःला न्यायाधीश नेमतो.

शेवटाकडे एक विलक्षण दृश्य येते. रोषणाईने उजळलेल्या गल्लीत मुले हॅरीभोवती गोळा होतात, एका मुलीचा बाप चाकू काढतो, आणि मुलगी तो चाकू उचलून बापाला न देता नाताळबाबाच्या हाती देते. पाठोपाठ जमाव मशाली घेऊन त्याच्या मागे लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकन शहरात मशाली कुठून आल्या, असा प्रश्न विचारणाऱ्याने १९३१ सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' आठवावा, ज्यात गावकरी अशाच मशाली घेऊन त्या बिचाऱ्या राक्षसाचा पाठलाग करतात. अखेर हॅरीची मोटार पुलावरून खाली कोसळते, निदान कोसळायला हवी. ती पडत नाही, आकाशात झेपावते आणि चंद्रावरून पुढे निघून जाते. हॅरीच्या मरत्या मनाने पाहिलेले हे स्वप्न की दिग्दर्शकाने त्याला दिलेली खरीखुरी सुटका, यावर चाहत्यांचे एकमत होत नाही. मात्र त्या क्षणी आकाशाकडे पाहणारा भाऊही पडद्यावर दिसतो, त्यामुळे केवळ स्वप्न म्हणून हे दृश्य निकालात काढता येत नाही.

कमी पैशांतल्या चित्रपटाला न शोभणारे देखणेपण त्याला लाभले ते छायालेखक रिकार्डो अरोनोविच यांच्यामुळे. मूळचे अर्जेंटिनाचे हे कलावंत त्याआधी लुई माल आणि अलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकांसाठी काम करून चुकले होते. हॅरीच्या घरातील लाल-हिरवा उजेड उबदारही वाटतो आणि आजारीही, ही त्यांचीच किमया. धाकट्या भावाच्या भूमिकेतील जेफ्री डिमन पुढे अनेक नामांकित चित्रपटांत दिसले, तर मॅगर्ट यांची कन्या फिओना ॲपल गायिका म्हणून पित्याहून कितीतरी अधिक प्रसिद्ध झाली.

नाताळबाबाच्या हाती कुऱ्हाड पाहून अमेरिकेत खरा गदारोळ झाला तो १९८४ साली, 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' या दुसऱ्याच चित्रपटावरून; त्याच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती पाहून पालकांनी चित्रपटगृहांसमोर निदर्शने केली आणि वितरकांनी तो मागे घेतला. त्या चित्रपटाला कुप्रसिद्धी तरी मिळाली. 'ख्रिसमस ईव्हल'च्या वाट्याला तीही आली नाही. त्याचा उद्धार केला तो बॉल्टिमोरचे दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी. 'पिंक फ्लेमिंगोज' या १९७२ सालच्या चित्रपटामुळे सभ्य अभिरुचीचे हाडवैरी म्हणून गाजलेले वॉटर्स या चित्रपटाचे कौतुक वर्षानुवर्षे करत राहिले, आणि पुढे डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी जॅक्सन यांच्या शेजारी बसून तिच्यासाठी समालोचनही केले. म्हणजे चित्रपट चालू असताना मूळ ध्वनीऐवजी ऐकता येणारे, दृश्यागणिक केलेले भाष्य. एखाद्या पंथाला असा वाचाळ प्रवक्ता मिळाला, की निम्मे काम झालेच.

वॉटर्स यांच्या लेखी नाताळच्या चित्रपटांत याच्या तोडीचा दुसरा नाही. हे जरा जास्तच झाले. मधला पोलीस तपास रेंगाळतो, कारखान्यातील मालक मंडळी ठोकळेबाज आहेत आणि भावाभावांतील संवाद ठिकठिकाणी जड होतात. पण दाढीचे ते दृश्य, चोपड्यांतली ती सुबक अक्षरे आणि चंद्रावरून जाणारी ती मोटार एवढ्या ऐवजावर एखादा चित्रपट चाळीस वर्षे टिकू शकतो, आणि हा टिकला आहे. पाहायचा झाल्यास जॅक्सन यांनी स्वतः पसंत केलेली, मूळ नावाची प्रत शोधावी. आणि हॅरीला पाहून हरखणारी पोरे पडद्यावर कितीही असोत, हा चित्रपट लावायचा तो घरातली पोरे झोपल्यावर.