मोटारसायकलची सीट आणि तिची घरगुती दुरुस्ती

मोटारसायकलचें इंजिन कुरकुरूं लागलें म्हणजे तिचा मालक तत्काळ सावध होतो. सीट फाटली तर मात्र तीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून तो महिनेच्या महिने काढतो. इंजिनाच्या मानानें सीट हा गौण भाग, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः स्वाराचा बहुतेक भार वाहतो तो हाच भाग. बोटभर फटींतून आषाढाचें पाणी आंत शिरतें, पाऊस थांबून ऊन पडलें तरी बसणाऱ्याच्या कपड्यांवर ओल उमटते, आणि मग या उपेक्षित भागाची आठवण होते. सीटचें काम कारागिराकडून करवून घेतां येतें, तसेंच थोडा धीर धरल्यास घरींहि करतां येतें. मात्र तें कोणीहि केलें तरी एक गोष्ट विसरूं नये : सीटचें खरें दुखणें बहुधा आवरणांत नसून आवरणाच्या खालीं असतें.

मोटारसायकल ही सायकलच्या वंशांत जन्मली. म्हणून तिची पहिली बैठकहि सायकलचीच, म्हणजे स्प्रिंगांवर ताणलेल्या जाड कातड्याची होती. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स या कारखानदारानें १८८२ सालीं सायकलच्या कातडी सॅडलचें पेटंट घेतलें होतें. पुढें १९२९ सालीं डनलॉपच्या संशोधकांनीं रबराच्या चिकाला फेंस आणून मऊ गादी तयार केली. आणि १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्याचे सहकारी यांनीं पॉलियुरेथेन शोधून काढलें. आजच्या सीटमधील फोम सामान्यतः या दुसऱ्या जातीचा असतो. वरच्या आवरणास महाराष्ट्रांत सर्रास रेक्झिन म्हणतात. मूळ रेक्झिन हें इंग्लंडमधील एका कृत्रिम कातड्याचें व्यापारी नांव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तें बनवीत. आज त्या नांवानें विकलें जातें तें बहुधा कापडाच्या पाठीवर चढविलेलें पीव्हीसी होय.

पीव्हीसी स्वभावतः कठीण आहे. त्याला मऊपणा येतो तो त्यांत मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळें. उन्हाच्या तापानें हीं द्रव्यें हळूहळू निघून जातात, रेक्झिन ताठर होतें, आणि चैत्र-वैशाखांत त्यास बारीक चिरा पडतात. शिवणीवरील सुईचीं छिद्रें तर प्रथमपासूनच उघडीं असतात. पावसाळ्यांत या वाटांनीं पाणी आंत जातें. फोम तें स्पंजाप्रमाणें धरून ठेवतो. खालचा पत्रा गंजतो आणि पिना कुजतात. अशा ओल्या गादीवर नवें आवरण नुसतें ओढून बसविणें म्हणजे गळक्या भिंतीस चुना लावणें होय.

म्हणून सीट उतरविल्यावर पहिलें काम उलगडण्याचें. जुन्या सीटांचा तळ बहुधा पोलादी पत्र्याचा असून, त्याच्या कडेच्या टोकदार दांत्यांत आवरण अडकविलेलें असतें. अलीकडच्या प्लॅस्टिकच्या तळांवर तें पिनांनीं ठोकलेलें असतें. पिना चपट्या पेचकसानें उचलून पकडीनें ओढाव्या. दांते मात्र जपून सरळ करावे, कारण वारंवार वांकविल्यास ते तुटतात. निघालेलें आवरण फेकून देऊं नये. तेंच नव्या आवरणाचा नमुना होय. शिवण उसवण्यापूर्वीं प्रत्येक तुकड्याची मध्यरेषा आणि जोडावर थोड्या थोड्या अंतरानें आडव्या खुणा खडूनें कराव्या. उसवल्यानंतर एकसारखे दिसणारे डावे-उजवे तुकडे ओळखावयास याच खुणा उपयोगीं पडतात. तुकडे कागदावर ठेवून नमुना उतरावा, आणि शिवणीसाठीं मूळ तुकड्यांत जेवढी जागा सोडलेली असेल तेवढीच सोडावी.

त्यानंतर गादीची परीक्षा. ओला फोम दाबून पिळावा आणि सावलींत, वाऱ्यावर कित्येक दिवस वाळूं द्यावा. कडक उन्हांत पॉलियुरेथेन पिवळें पडून भुसभुशीत होतें. बोटानें चोळतां त्याचा भुगा झाला, तर फोम नवाच घ्यावा. केवळ बसण्याच्या जागीं खळगा पडला असेल, तर तेवढा भाग दांतेरी सुरीनें चौकोनी कापून तेथें घट्ट फोमचा तुकडा बसवावा. चपलांचे कारागीर वापरतात तें सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांस लावून, तें बोटास चिकटेनासें झाल्यावरच भाग जोडावे. त्याची वाफ ज्वालाग्राही व डोकें धरविणारी असते. तेव्हां हें काम खिडक्या उघड्या ठेवून आणि चुलीपासून दूर करावें. जोडाच्या कडा जाड काचकागदानें घासून, वर सुमारें १० मिलिमीटर जाडीचा मऊ फोम पसरला म्हणजे उंचसखलपणा नाहींसा होतो. तळाचा पत्रा गंज खरवडून, रेड ऑक्साइड देऊन रंगवावा. बिजागरी किंवा कडीपाशीं तो तडकला असल्यास वेल्डिंग करणाराकडेच न्यावा.

शिवणकामांत कपड्याची संवय उपयोगी पडते, परंतु ती फसवितेहि. रेक्झिनला एकदां पडलेलें छिद्र कधींच बुजत नाहीं. म्हणून टांचण्या न लावतां चिमटे लावावे. टांका ३.५ ते ४ मिलिमीटर लांब असावा. बारीक टांक्यांनीं पोस्टाच्या तिकिटाप्रमाणें भोकांची ओळ तयार होऊन रेक्झिन तेथेंच फाटतें. सुई १६ किंवा १८ नंबरची आणि दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलीनें कुजतो. घरचें मशीन चार पदर ओढीनासें झालें, तर कापलेले तुकडे कातडी पिशव्या शिवणाऱ्याकडून जोडून घेण्यांत कमीपणा नाहीं.

तयार आवरण तासभर उन्हांत ठेवल्यानें नरम पडतें. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद घालून, प्रथम पुढची मध्यरेषा, मग मागची, आणि नंतर मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकत डावी-उजवी बाजू आळीपाळीनें पक्की करावी. एकच बाजू ओढीत गेल्यास शिवण तिरपी होते. फाजील ताण दिल्यास कडांचा फोम चेपतो आणि टांक्यांवर भार येतो. पिनेची लांबी तळाच्या जाडीस अनुसरून असावी. सामान्यतः ६ मिलिमीटर पुरेशी होते.

यानंतर जें पाहावयाचें तें शोभेसाठीं नव्हे, सुरक्षिततेसाठीं. तळाखालचे रबरी ठोकळे मूळ जागीं बसले आहेत, याची खात्री करावी. अनेक गाड्यांत बॅटरी सीटखालींच असते. ठोकळा राहून गेल्यास पोलादी पत्रा तिच्या टोकांस टेकून ठिणगी पडण्याचा संभव असतो. कडी बसल्यावर सीट हलवून पाहावी. फोम वाढविल्यानें उंची वाढली असेल, तर स्वाराचे पाय पूर्वींसारखे जमिनीस टेकतात कीं नाहीं, हेंहि तपासावें. मागें बसणाराचा विचार तर अधिकच अगत्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १२३ व्या नियमान्वये त्याच्यासाठीं हाताची कायम पकड, पाय ठेवण्याची सोय, आणि मागील चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें संरक्षण आवश्यक आहे. जुन्या सीटवर आडवा पट्टा असेल, तर नवें आवरण घालतांना तो गाळूं नये आणि केवळ रेक्झिनला टांचूंहि नये. तो मूळच्या बोल्टांनींच आवळावा. मूल मांडीवर घेऊन एका बाजूस बसलेल्या स्त्रीचा हात खड्ड्यापाशीं जातो तो त्याच पट्ट्याकडे.

या सर्व खटाटोपास दोन रविवार पुरतात. मध्यंतरींचा आठवडा फोम वाळण्याचा. बाजारांत अर्ध्या तासांत चढविलेलें आवरण पहिल्या दिवशीं याहून तुकतुकीत दिसेलहि. दोहोंतील अंतर कळून येतें तें पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस, सीट उलटी करून तळपत्र्यावर बोट फिरविलें म्हणजे.