लाइव्ह मिरवणूक जपून ठेवताना

2025 ची अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, शनिवारी आली. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत नोकरीला असलेल्या मराठी माणसाला लालबागच्या राजाची मिरवणूक निवांत बघण्याची सोय झाली. पण राजाचे विसर्जन झाले रविवारी रात्री, आणि तिथे रविवार हा कामाचा पहिला दिवस. ‘असू दे, यूट्यूबवर राहतंच की,’ असे म्हणून आपण कामाला लागतो.

तसे ते राहतेच असे नाही. लाइव्ह प्रक्षेपण बारा तासांच्या आत संपले, तरच यूट्यूब त्याचे रेकॉर्डिंग आपोआप जपते. तीस तासांची मिरवणूक सलग एकाच प्रक्षेपणात दाखवली, तर ती मागाहून सापडेल या भरवशावर राहू नये. फेसबुकचे तर सरळच आहे: फेब्रुवारी 2025 पासून नवे लाइव्ह व्हिडिओ तिथे तीसच दिवस राहतात.

यूट्यूब प्रीमियममधले ‘डाउनलोड’ म्हणजे फाइल आपल्या हाती आली, हाही गैरसमज. ते चित्रण ॲपमध्येच चालते आणि वर्गणी बंद झाली की जाते. दुसऱ्याचे चित्रण इतर मार्गाने उतरवून घ्यायला यूट्यूबच्या अटींनुसार परवानगी लागते. म्हणून माझे ठाम मत असे, की घरच्या लग्नाचे किंवा मुंजीचे प्रक्षेपण असेल, तर ते करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे: तुमच्या लॅपटॉपवरही रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ती मूळ फाइल आम्हाला द्या. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात करायला सांगावे. मध्येच वीज गेली तर साधी एमपी4 फाइल पुष्कळदा उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो. नंतर दर्जा जराही न घटवता तिची एमपी4 करता येते.

आता आकार. झिप केल्याने व्हिडिओ लहान होत नाही, कारण तो आधीच दाबलेला असतो. ‘1080पी आहे म्हणून फाइल मोठी’ हेही अर्धेच खरे. आकार ठरतो तो बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवली यावर. सेकंदाला 4 मेगाबिट धरले तर तासाला 1.8 जीबी होतात आणि तीस तासांना 54 जीबी. किती बिटरेट पुरेल हे मात्र दृश्यावर अवलंबून असते. एका जागी लावलेल्या कॅमेऱ्यातून टिपलेल्या कीर्तनाचे फार थोड्यात भागते, कारण एका चित्रातून दुसऱ्या चित्रात बदलते फारच कमी. उधळलेला गुलाल, हलणारी गर्दी, रात्रीचे दिवे आणि वर पावसाची सर असली की प्रत्येक चित्र नवे. तिथे बिटरेट कमी केला की चेहऱ्यांचे चौकोनी ठिपके होतात. म्हणून सगळ्या फाइलींना एकच बिटरेट लावू नये. व्हिडिओ दाबणाऱ्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिर दर्जा’ निवडावा, म्हणजे दृश्याला लागेल तेवढीच जागा ते घेते. दाबण्याच्या पद्धतींपैकी 2003 च्या एच.264 ऐवजी 2013 चे एच.265 किंवा 2018 चे एव्ही1 वापरले, तर तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी लागते. वेळ मात्र जास्त जातो.

सर्वांत घातक समजूत म्हणजे फाइल पुन्हा पुन्हा दाबत गेले तरी बिघडत नाही ही. प्रत्येक फेरीत काही तपशील कायमचा जातो आणि नव्या फाइलीचा बिटरेट वाढवल्याने तो परत येत नाही. यूट्यूबवरचे चित्रण मुळात एकदा दाबून झालेले असते, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की आणखी एकदा. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

पेन ड्राइव्हवर जागा असून मोठी फाइल जात नसेल, तर तो खराब झाला असे धरून चालू नये. तो बहुधा फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात 4 जीबीची एक फाइलही बसत नाही. आतले सामान दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. मूळ फाइल पुसण्याआधी मात्र नव्या फाइलीचा मधला आणि शेवटचा भाग लावून बघावा. लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटतो तो बहुतेक वेळा तिथेच, पहिल्या दहा मिनिटांत ते कळत नाही.