सुपातल्या गोळ्या

तळेगावला (श्यामजी पंत) ओसरीवर मावशीनं औषधांची पिशवी सुपात उलटी केली. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. निम्म्या पट्ट्या कात्रीनं कापलेल्या, त्यामुळे नावही गेलेलं आणि मुदतही. मेडिकलवाल्यानं पाकिटांवर काढलेल्या सूर्य-चंद्रावर तिचा दिवस चालतो. "हे सकायची, हे रातची. अन् हे कायची हाय मले मालूम नाई. पर डॉक्टरनं देल्ली म्हंजे लागतच असन."

मी फार्मसिस्ट आहे. गहू निवडावेत तशी एकेक गोळी उचलून विचारत गेले : कोणी दिली, कशासाठी, केव्हापासून? दुपार सरली. गाव नागपूर-अमरावती महामार्गावर. हृदय नागपूरला दाखवायचं, हाडं अमरावतीला, ताप-खोकला आर्वीला. दर ठिकाणी नवा कागद, जुना घरातच. रक्तदाबाचं टेल्मिसार्टन तर दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा निघालं.

खरं काम तारखा लावण्याचं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक सुरू झालं, मग रक्तदाब वाढला. हे औषध तो वाढवतं. त्यावर अम्लोडिपिन आली, पाय सुजले. सुजेवर लघवीची गोळी, मग रात्री चारदा उठणं आणि उठताना गरगरणं. चक्करेवर सिनारिझिन, दीड वर्षं. आता हात थरथरतो, चहा घेताना कपबशी वाजते. सिनारिझिननं म्हाताऱ्या माणसांत कंपवातासारखी लक्षणं येतात, आणि मग कंपवाताचीही गोळी सुरू होते. मावशी त्या पायरीच्या अलीकडेच होती. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये नेमकी हीच साखळी मांडली : औषधाचा त्रास नवा आजार समजला जातो.

मार्क बिअर्स यांची म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी १९९१ सालची. तिच्या आजच्या आवृत्तीत असलेली झोपेची अल्प्राझोलम आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, दोन्ही सुपात होती.

मला सर्वांत भीती वाटली ती लॅबच्या कागदाची. क्रिएटिनिन १.१, पुढे ‘नॉर्मल’. मावशी ७४ वर्षांची, वजन ३८ किलो. अंगावर मांसच नाही, तर त्यातून तयार होणारं क्रिएटिनिन तरी कुठून वाढणार? मूत्रपिंडं किती काम करतात हे काढणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात १४० मधून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागायचं, बाई असेल तर ०.८५ नं गुणायचं. उत्तर आलं २७. धडधाकट तरुणात ते शंभरच्या आसपास असतं. अशा मूत्रपिंडांवर डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र चालू होती. गणिताला दोन मिनिटं लागतात. इतक्या वर्षांत ती कोणाकडेच नव्हती, याचा मला अजून राग येतो.

मी स्वतः काहीच थांबवलं नाही. अल्प्राझोलम एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, ती हळूहळू उतरवावी लागते. तारखांसकट यादी लिहून मावशीला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी कागदावर ‘बंद’ असा रकाना पाडला. त्यात पहिलं नाव डायक्लोफेनॅकचं, दुसरं सिनारिझिनचं.

"अन् बंद केल्यावर काही झालं त?" मावशीनं विचारलं.

"तर इथं या. दुसरीकडून नवी गोळी घेऊ नका."

कपबशी वाजायची थांबायला चार महिने लागले. घडी घातलेला तो कागद मावशीच्या बटव्यात असतो. अमरावतीला गेली की गुडघ्याआधी तोच पुढे करते.