खोक्यावरचा आकडा आणि हातातला माऊस

संगणक घेताना प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंची, याची कसून चौकशी करणारा ग्राहक माऊसच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल तो मुकाट्याने स्वीकारतो. घरात गेम खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर परिस्थिती नेमकी उलट असते. खोक्यावरचे '१२,०००', '२५,६००' असे आकडे त्यांना तोंडपाठ असतात आणि आकडा जितका मोठा तितका माऊस चांगला, अशी त्यांची खात्री असते. २०२० मध्ये घरातून कचेरीचे काम करण्याची वेळ आली आणि अनेक घरांत ती पद्धत पुढेही टिकली. एकाच संगणकावर दिवसा एक्सेलचे तक्ते आणि रात्री 'व्हॅलोरंट', असा क्रम त्या घरांत चालतो. दोन्हींसाठी मिळून एकच माऊस घ्यायचा, तर तो पारखायचा कसा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. निवड चुकली तर पैसे जातातच. काही वेळा मनगटही दुखावते.

डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार केलेला पहिला माऊस लाकडी होता आणि तो एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन चाकांवर चाले. पुढे रबरी गोळीचा माऊस आला. त्याची गोळी काढून आतल्या रुळांवर साचलेला मळ नखाने खरवडण्याचा उद्योग सायबर कॅफेच्या काळातील पिढीला चांगलाच आठवत असेल. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'इंटेलीमाऊस एक्सप्लोरर'ने ही गोळी निकालात काढली. त्याच्या पोटात एक छोटा दिवा आणि सेकंदाला दीड हजार छायाचित्रे टिपणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर होता. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत टेबलावरील खडबडीतपणाच्या खुणा किती आणि कोणत्या दिशेला सरकल्या, हे ताडून तो हालचाल ओळखत असे. आजचे माऊसही मूलतः याच तत्त्वावर चालतात. पारदर्शक काचेच्या टेबलावर बहुतेक माऊस गोंधळतात, त्याचे कारणही हेच. टिपण्याजोगी खूणच तेथे नसते.

खोक्यावर ठळकपणे छापलेला 'डीपीआय' म्हणजे माऊस एक इंच सरकला असता संगणकाला मिळणाऱ्या टप्प्यांची संख्या. थोडे गणित केले, की या आकड्याचा फुगा फुटतो. घरोघरी असलेल्या पडद्याची रुंदी साधारणतः १९२० बिंदूंची असते. विंडोजमधील नेहमीच्या मांडणीत ८०० डीपीआयला कर्सर या टोकापासून त्या टोकाला नेण्यासाठी माऊस जवळपास अडीच इंच सरकवावा लागतो. तेच २५,६०० डीपीआयला अवघ्या दोन मिलिमीटरांत होईल! इतक्या वेगवान कर्सरने एक्सेलची चौकट पकडता येणार नाही आणि गेममध्ये नेमही धरता येणार नाही. 'काउंटर-स्ट्राइक'चे व्यावसायिक खेळाडू बहुतांशी ४०० ते ८०० डीपीआयवर खेळतात, ते उगाच नव्हे. त्यांना हाताची मोठी हालचाल आणि पडद्यावरची छोटी, ताब्यातली हालचाल हवी असते. पडदा मोठा आणि अधिक बिंदूंचा असेल, तर १६०० पर्यंत जाणे सोयीचे ठरते. त्यापुढचे आकडे प्रामुख्याने जाहिरातीच्या कामाचे.

मग सेन्सरमध्ये पाहायचे काय? हात झटकन फिरवला तरी त्याचा माग सुटता कामा नये आणि हात जितका फिरला तितकाच कर्सर फिरला पाहिजे. ही परीक्षा घरीही घेता येते. मात्र त्याआधी विंडोजच्या माऊसविषयक मांडणीतील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय बंद करावा. नावात अचूकता असली तरी हा पर्याय हाताच्या वेगानुसार कर्सरचे अंतर कमी-जास्त करतो. कचेरीच्या कामात ते खपून जाते, गेममध्ये मात्र हाताला सवयच लागू देत नाही. त्यानंतर 'पेंट'मध्ये मुद्दाम किंचित थरथरत्या हाताने तिरपी रेघ ओढून पाहावी. रेघ थरथरतच उमटली तर माऊस प्रामाणिक आहे. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ आली तर माऊस परस्पर सुधारणा करतो आहे, असे समजावे.

माऊस उचलून पुन्हा ठेवतानाही कर्सर हलता कामा नये. अनेक घरांत धूळ खात पडलेल्या सीडी येथे उपयोगी पडतात. माऊसच्या दोन्ही कडांखाली एकेक सीडी ठेवून तो अधांतरी करावा. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते. एवढ्या उंचीवर कर्सर स्थिर राहिला तर उत्तम.

दुसरा आकडा 'पोलिंग रेट'चा, म्हणजे माऊस संगणकाला सेकंदातून किती वेळा आपला ठावठिकाणा कळवतो याचा. साधा माऊस १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी कळवतो; गेमिंगचा माऊस हजार वेळा. हा फरक खराच आहे आणि जलद गेममध्ये तो हाताला जाणवू शकतो. आठ हजार वेळा कळवणारे माऊसही निघाले आहेत. परंतु सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा पडदा सुमारे १७ मिलिसेकंदांनी एकदा बदलतो. असा पडदा असलेल्या घरात आठ हजारांसाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही.

ही मोजमापे प्रत्यक्ष माऊसला कशी लावायची, याचे उदाहरण म्हणून लॉजिटेकने २०१८ मध्ये आणलेला 'जी ३०४' घेता येईल. अनेक देशांत तो 'जी ३०५' या नावाने मिळतो. माऊस बिनतारी आहे, तो एका पेन्सिल सेलवर चालतो आणि सेलसह त्याचे वजन ९९ ग्रॅम भरते. हजार पोलिंग रेटवर सेल अडीचशे तास टिकतो, असे कंपनी सांगते. रोज आठ तास वापर धरला तर हा महिना झाला. काटकसरीच्या मोडमध्ये हीच मुदत नऊ महिन्यांवर जाते. म्हणजे दिवसाच्या कामासाठी एक मोड, रात्रीच्या खेळासाठी दुसरा. दोन माऊसचे काम एकात भागते. सेल संपला की बाजूच्या किराणा दुकानातून आणता येतो, हा फायदा कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. उणिवाही आहेत. यात ब्लूटूथ नाही, त्यामुळे यूएसबीची एक जागा अडते. सेल मागच्या अंगाला असल्याने माऊस शेपटाकडे जड लागतो. बरेच खेळाडू त्यावर उपाय म्हणून लहान 'ट्रिपल ए' सेल जोडखोबणीत घालून वापरतात आणि दहा-बारा ग्रॅम वाचवतात. बाजूची दोन्ही बटणे डावीकडे असल्याने डावखुऱ्यांच्या अंगठ्याला त्यांचा उपयोग नाही. शेकडो ओळींचे तक्ते पाहणाऱ्याला याचे चाकही तोकडे वाटेल, कारण एकदा फिरवले की मोकळे फिरत राहणारे चाक यात नाही. गेमच्या जाहिरातींत चाकाचा उल्लेख क्वचितच असतो. कचेरीच्या कामात मात्र सेन्सरपेक्षा चाकाशीच अधिक संबंध येतो.

तथापि, या सर्वांहून मोठी कसोटी हाताची. कोणी संपूर्ण तळवा टेकवून माऊस धरतो, कोणी बोटे पंजासारखी वाकवून, तर कोणी केवळ बोटांच्या टोकांनी. तळवा टेकवणाऱ्याला उंच, भरीव पाठीचा माऊस लागतो; बोटांनी धरणाऱ्याला लहान आणि हलका. 'जी ३०४' लहानखुरा आहे. मोठ्या पंजाच्या माणसाने तो दिवसभर तळव्याखाली धरला, तर बोटे आखडतात. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंतचे अंतर मोजून दुकानात गेलेले बरे. तेथे नमुना मिळाला तर किमान पाच मिनिटे तो हातात खेळवावा. दुकानदाराने कितीही घाई केली तरी.

मनगटाचा विषय येथेच येतो. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आला, की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. या विकाराला 'कार्पल टनल सिंड्रोम' म्हणतात. तो माऊसमुळेच जडतो की नाही, याबाबत संशोधकांत एकमत नाही. मनगट तासन्‌तास वाकडे ठेवून काम करू नये, याबाबत मात्र वाद नाही. आकड्यांच्या कळा असलेला रुंद कीबोर्ड माऊसला दूर ढकलतो आणि खांदाही ताणला जातो. माऊस बदलण्याआधी कीबोर्ड सरकवून पाहणे फुकटचे आहे. रात्री मुंग्यांनी जाग येऊ लागली, तर मात्र नवा माऊस शोधत बसण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

राहता राहिला टिकाऊपणा. माऊसमध्ये सर्वांत आधी दगा देते ते डावे बटण. त्याखालील धातूची पट्टी झिजली वा गंजली, की एका क्लिकचे दोन होतात. फोल्डर एकदा टिचकताच उघडू लागले किंवा फाईल ओढताना मध्येच सुटू लागली, तर दोष हाच. प्रकाशकिरण अडवून क्लिक ओळखणाऱ्या बटणांत हा धातूचा स्पर्शच नसल्याने ती या रोगापासून मुक्त असतात, पण त्यांची किंमत सहसा जास्त असते. साध्या बटणांच्या माऊसमध्ये हा दोष पहिल्या महिन्यात क्वचितच दिसतो. तो वर्ष-दोन वर्षांनी उद्भवतो. म्हणून वॉरंटी किती वर्षांची, ती दुकानदाराची की कंपनीची, आणि माऊस बदलून देणारे केंद्र आपल्या शहरात आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बिलाचा फोटोही काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची छपाई माऊसच्या आधीच पुसट होते.